मोबाईलमधील विषाणू आणि नीरा-भीमेकाठचा शेतकरी

नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामतीच्या कोरडवाहू मुलखात आले आणि येथील शेतीचे रूप पालटले. पुढे १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले व भीमेच्या फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्यातील नदीकाठच्या गावांना मिळू लागले. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांचा त्याग लहान नव्हता. आज या दोन तालुक्यांत ऊस आहे, डाळिंब व द्राक्षे आहेत, निमगाव केतकीचे पानमळे आहेत आणि भिगवणला मासळीचा बाजार भरतो. पाण्यामागोमाग सहकार आला. माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगरचा छत्रपती हे कारखाने उभे राहिले, गावोगाव दूध संस्था निघाल्या, पतसंस्था व बँकांच्या शाखा आल्या.

या सर्व व्यवहारातील पैसा पूर्वी रोखीने वा धनादेशाने शेतकऱ्याच्या हाती येत असे. आता तो थेट खात्यात जमा होतो. ऊस कारखान्यात पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याची किंमत चुकती करावी, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. ती रक्कम खात्यात येते. दुधाचे दहा दिवसांचे बिल खात्यात येते. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत खात्यातच येतात. खाते बँकेत असले तरी त्याची किल्ली मात्र शेतकऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात, म्हणजे मोबाईलमध्ये आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही किल्ली आणि तिच्यावर टपून बसलेला विषाणू हा आहे.

मोबाईल हे आता केवळ बोलण्याचे साधन उरलेले नाही, हे या भागात कोणास निराळे सांगावयास नको. रात्री कृषिपंपाला वीज आली की अंथरुणातूनच मोटार सुरू करण्याची सोय मोबाईलने केली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पीकपेऱ्याची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. सातबाराचा उतारा मोबाईलवर मिळतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग हाती घेतला, त्यातही जमिनीत पुरलेल्या संवेदकांनी व उपग्रहांनी मिळविलेली माहिती अखेरीस शेतकऱ्याच्या मोबाईलवरच उतरते. अशा वेळी मोबाईल वापरू नका असा उपदेश करणे व्यर्थ होय. ते यंत्र आजारी कसे पडते, हे समजून घेणेच श्रेयस्कर.

पहिला विषाणू आणि त्याने विचारलेला प्रश्न

मोबाईलवर पसरणारा पहिला विषाणू २००४ साली आढळला. त्याचे नाव 'कॅबिर'. त्या काळी नोकिया कंपनीचे काही फोन सिंबियन नावाच्या प्रणालीवर चालत. ब्लूटूथच्या लहरींवरून हा विषाणू जवळपासच्या अशा फोनकडे स्वतःची प्रत पाठवीत असे. ऑगस्ट २००५ मध्ये फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे जागतिक मैदानी स्पर्धा चालू असता भरलेल्या प्रेक्षागारात तो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाऊ लागला, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. त्याने होणारे नुकसान मात्र किरकोळ होते. सतत शेजारचे फोन धुंडाळण्यात फोनची बॅटरी उतरे, एवढेच.

कॅबिरची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो आपण होऊन फोनमध्ये शिरत नसे. फोनच्या पडद्यावर 'संदेश स्वीकारावा काय?' असा प्रश्न येई, त्यानंतर 'हा कार्यक्रम बसवावा काय?' असे विचारले जाई आणि फोनधारकाने 'होय' म्हटले तरच त्याचा प्रवेश होई. या गोष्टीला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. फोन बदलले, प्रणाली बदलल्या, विषाणूंचा हेतू बॅटरी उतरविण्यापासून खाते उतरविण्यापर्यंत गेला. परंतु सर्वसामान्य माणसाच्या फोनवर येणारा विषाणू आजही दारावर उभा राहून तोच प्रश्न विचारतो आणि आपणच त्याला 'होय' म्हणतो. कोणाच्याही संमतीवाचून फोनमध्ये शिरणारी हेरगिरीची महागडी साधने जगात आहेत, हे खरे. पण त्यांचा रोख निवडक व्यक्तींवर असतो. उसाच्या बिलावर डोळा ठेवणाऱ्यास इतक्या खर्चाचे कारण पडत नाही.

'विषाणू' हा शब्द आपण येथे व्यवहारातील अर्थाने वापरीत आहोत. शास्त्रीय काटेकोरपणा पाहावयाचा तर आजचे बहुतेक उपद्रवी कार्यक्रम बहुरूप्याच्या जातीचे आहेत. ते सरकारी योजनेचे, बँकेचे वा लग्नपत्रिकेचे सोंग घेतात.

बेणे कोठून आणले?

उसाच्या शेतकऱ्यास हा प्रकार त्याच्याच शेतातील उदाहरणाने चटकन समजेल. गवताळ वाढ किंवा चाबूक काणी हे रोग शेतात बहुधा बेण्यातून येतात. कांडी वरून निरोगी दिसते. रोग दिसू लागतो तो लागण उगवून वर आल्यावर. म्हणूनच बेणे कोठून आणले हा पहिला प्रश्न. नीरेपलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे. को ८६०३२ हा 'नीरा' नावाने ओळखला जाणारा वाण तेथूनच प्रसारित झाला. बेणेमळ्यातून खात्रीचे बेणे घ्यावे, हे या भागात दोन-तीन पिढ्यांना सांगून झाले आहे. डाळिंबाच्या बागायतदारांनी तेल्या रोगाच्या बाबतीत हाच धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. रोगट बागेतील गुटी कलमे स्वस्त पडली, पण त्यांनी बागा नेल्या.

मोबाईलवर बसविले जाणारे प्रत्येक ॲप हे असेच बेणे असते. अँड्रॉइड प्रणालीच्या फोनवर ते दोन मार्गांनी येते. एक मार्ग प्ले स्टोअरचा. हा बेणेमळा समजावा. येथे ॲपची तपासणी होते, करणाऱ्याची नोंद असते. तपासणीतून काही रोगट बेणे निसटते, हे मान्य केले पाहिजे. अशी ॲप्स मधून मधून उघडकीस येतात व काढून टाकली जातात. दुसरा मार्ग फाईलचा. ॲपची संपूर्ण फाईल व्हॉट्सॲपवरून किंवा एखाद्या दुव्यावरून थेट फोनमध्ये उतरते. या फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. छायाचित्राच्या, पत्रिकेच्या किंवा यादीच्या फाईलला ही अक्षरे कधीही नसतात. लाभार्थ्यांची यादी ही वाचावयाची वस्तू आहे, फोनमध्ये बसवावयाची नव्हे. ज्या यादीच्या नावापुढे एपीके लिहिले आहे ती यादी नव्हे, एवढे एक सूत्र ज्यास कळले त्याचे निम्मे संकट टळले.

योजनेचे सोंग

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ज्या फाईलने अधिक उपद्रव दिला ती पीएम किसानच्या नावाची होय. हप्ता जमा होण्याचे दिवस जवळ आले की गावाच्या व्हॉट्सॲप गटावर 'पीएम किसान यादी' किंवा 'पीएम किसान योजना' अशा नावाची एपीके फाईल येते. तिच्यासोबतचा मजकूर 'ई-केवायसी पूर्ण करा, अन्यथा हप्ता बंद होईल' अशा धर्तीचा असतो. ई-केवायसीची अट खरी आहे, हप्ताही खरा आहे. खोटी आहे ती फक्त फाईल. फसवणुकीचे सामर्थ्य या सरमिसळीत आहे.

सोंगे मात्र अनेक आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संगणक सुरक्षा यंत्रणेने 'ड्रिनिक' नावाच्या विषाणूविषयी इशारा दिला. तो आयकराचा परतावा देण्याच्या नावाखाली येत होता आणि २७ हून अधिक भारतीय बँकांच्या ग्राहकांवर त्याचा रोख होता. २०२२ मध्ये 'आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित होईल' असे संदेश राज्यभर फिरले. दिलेल्या क्रमांकावर फोन केला की समोरचा माणूस एक ॲप बसवून घेण्यास सांगे व त्यायोगे ग्राहकाच्या फोनचा पडदा आपल्याकडे पाही. असे संदेश आपण पाठवीत नाही, असे महावितरणला वारंवार प्रकट करावे लागले. वाहनाच्या दंडाची पावती हे आणखी एक सोंग. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली येथील एका शासकीय कर्मचाऱ्यास व्हॉट्सॲपवर ३० ऑगस्टच्या विवाहाचे निमंत्रण आले. निमंत्रणासोबतची फाईल पत्रिका नव्हती, एपीके होती. त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. शासकीय सेवेतील, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडले, याची नोंद घ्यावी. हा निरक्षरांचा आजार आहे ही समजूत चुकीची आहे. आपण लग्नाची पत्रिका आली तर ती उघडून पाहतो. ही आपली रीत आहे आणि चोरास ती ठाऊक आहे.

ही फाईल अनोळखी माणसाकडून आली तर कोणीही सावध होईल. ती येते ओळखीच्या माणसाकडून. एकाच्या फोनमध्ये शिरलेला विषाणू त्याच्या फोनमधील नावे वाचतो आणि त्याच्याच नावाने पुढे संदेश धाडतो. कित्येकदा चोर त्याचे व्हॉट्सॲपच ताब्यात घेतो. मग दूध संस्थेच्या गटावर, विकास सोसायटीच्या गटावर, भजनी मंडळाच्या गटावर ती फाईल सरपंचांच्या, गुरुजींच्या किंवा चुलत्याच्या नावाने पडते. पाठविणारा विश्वासू आहे म्हणून फाईल विश्वासू ठरत नाही. रोगट बेणे देणारा शेजारीही बिचारा प्रामाणिकच असतो.

चार परवानग्या

फाईल उघडली म्हणजे नेमके काय होते? अँड्रॉइड प्रणालीत प्रत्येक ॲपला वाड्यातील एकेक स्वतंत्र खोली दिलेली असते. एका खोलीतील बिऱ्हाडास दुसऱ्या खोलीत डोकावता येत नाही. एखाद्या ॲपला संदेश वाचावयाचे असतील, नावांची वही पाहावयाची असेल, छायाचित्रे घ्यावयाची असतील, तर त्याने मालकाची परवानगी मागितली पाहिजे. ही रचना चांगली आहे. विषाणू ती फोडीत नाही. तो परवानगी मागतो आणि घाईत असलेला मालक 'अनुमती द्या' या शब्दांवर बोट ठेवतो.

सगळ्याच परवानग्या सारख्या धोक्याच्या नसतात. २०२४ च्या उत्तरार्धात गुगलने भारतात एक व्यवस्था आणली. बाहेरून बसविले जाणारे ॲप विशिष्ट चार परवानग्या मागत असेल तर ते रोखावे, असे तिचे स्वरूप होते. या चारांची ओळख प्रत्येकाने करून घ्यावी. पहिली, येणारा संदेश पकडण्याची. दुसरी, आलेले संदेश वाचण्याची. या दोहोंमुळे बँकेने पाठविलेला ओटीपी मालकाच्या आधी चोराच्या हाती पडतो. तिसरी, पडद्यावर उमटणाऱ्या सूचना वाचण्याची. हिच्यामुळेही तेच साधते. चौथी सर्वांत दांडगी, तिचे नाव 'ॲक्सेसिबिलिटी'. वस्तुतः ही सोय अंध व अपंग बांधवांसाठी केलेली आहे. पडद्यावर काय आहे ते वाचून दाखविणे आणि मालकाच्या वतीने पडद्यावर बोट दाबणे, ही कामे ती करते. चोराच्या हाती ती गेली की तोही पडद्यावरील सर्व वाचतो आणि आपल्या वतीने बोट दाबतो. अंधाची काठी चोराने हिरावून घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

ही परवानगी मिळालेला विषाणू काढून टाकणेही कठीण होते. २०२२ च्या सप्टेंबरात सर्ट-इनने ज्याविषयी सावध केले तो 'सोवा' नावाचा विषाणू, मालक त्याला काढावयास गेला की पडदा मागे फिरवून 'हे ॲप सुरक्षित आहे' असे दाखवीत असे.

आता पैसे कसे जातात ते पाहू. समजा, लासुर्णे परिसरातील एखाद्या शेतकऱ्याने योजनेची म्हणून आलेली फाईल बसविली. ॲप उघडताच शासकीय बोधचिन्हासारखे चिन्ह दिसते व एक अर्ज पुढे येतो. नाव, आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक, बँकेचे नाव इथपर्यंत संशय येत नाही. पुढे एटीएम कार्डाचे शेवटचे सहा अंक व त्याची मुदत विचारली जाते. यूपीआयचा पिन नव्याने ठरविण्याच्या एका पद्धतीत बँक नेमक्या याच दोन गोष्टी आणि मोबाईलवर आलेला ओटीपी मागते. काही बँका कार्डाचा पिनही विचारतात, मग अर्जात तोही रकाना असतो. पहिल्या गोष्टी शेतकऱ्याने स्वहस्ते लिहून दिल्या. ओटीपी विषाणू परस्पर पाठवितो. दूर कोठेतरी बसलेला चोर शेतकऱ्याचे खाते स्वतःच्या फोनवर नोंदवितो, नवा पिन ठरवितो आणि रक्कम काढतो. यासाठी एखादा शुक्रवार संध्याकाळचा मुहूर्त शोधला जातो, म्हणजे बँक दोन दिवस बंद. शेतकऱ्यास पैसे गेल्याचा संदेशही पुष्कळदा दिसत नाही, कारण तो संदेश विषाणूने दाबून ठेवलेला असतो. त्याला कळते ते खतासाठी दुकानात पैसे देतेवेळी, खाते रिकामे आढळल्यावर. अडसाली उसाचे बिल म्हणजे सुमारे दीड वर्षाच्या श्रमाचे मोल. त्यातून सोसायटीचे कर्ज फेडावयाचे असते, मुलीचे शिक्षण वा लग्न ठरलेले असते. खाते एका रात्रीत रिकामे झाल्यावर घराचा पुढला हंगामच कोलमडतो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला अनेकांच्या स्मरणात असेल. त्यात ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली; पैकी सुमारे ७८ कोटी २८ देशांतील यंत्रांतून काही तासांत काढण्यात आले. तेथे चोरांनी बँकेच्या व्यवस्थेतच उपद्रवी कार्यक्रम घुसविला होता. नुकसान बँकेचे झाले, ठेवीदारांचे नव्हे. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषीही ठरविले. शेतकऱ्याच्या फोनमधील चोरीमागे अशी मोठी संस्था उभी नसते. येथे घर तेच, पहारेकरी तोच आणि तोटा सोसणाराही तोच.

या भागातील काही सवयी

विषाणूस अनुकूल अशा काही सवयी आपल्याकडे रूढ आहेत. मुलाने नवा फोन घेतला की त्याचा जुना फोन वडिलांकडे येतो. घरातील सर्वांत जुना, सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळणे बंद झालेला फोन, आणि सर्वांत मोठी रक्कम जमा होणारे खाते, यांची गाठ अशी पडते. वास्तविक व्यवहार उलटा हवा. ज्या फोनशी बँकेचे खाते जोडले आहे तो घरातील चांगला फोन असावा. मुलाच्या खेळांसाठी जुना पुरेल.

दुसरी सवय फोन दुसऱ्याच्या हाती देण्याची. अर्ज भरावयाचा, पीक पाहणी करावयाची, पावती काढावयाची, की ज्येष्ठ शेतकरी फोन गावातील एखाद्या चुणचुणीत मुलाच्या हाती देतो. त्यात वाईट काही नाही. गाव असेच चालते. मात्र तो मुलगा काम उरकण्यासाठी पुढे येईल त्या प्रत्येक प्रश्नास 'होय' म्हणत जातो. फोनमध्ये नवे काय बसले हे मालकास कळत नाही आणि मुलाच्या लक्षात राहत नाही. फोन परत घेताना 'यात नवे काय घातलेस?' एवढे विचारण्याचा संकोच बाळगू नये.

या ठिकाणी शासकीय यंत्रणेकडेही बोट दाखविणे भाग आहे. प्रत्येक विभागाचे निराळे ॲप, निराळे संकेतस्थळ, ई-केवायसीची पुन्हा पुन्हा येणारी मुदत यांमुळे शेतकऱ्याच्या मनात 'हे राहिले तर हप्ता बंद होईल' ही धास्ती कायमची बसली आहे. याच धास्तीवर चोराचा व्यवसाय चालतो. मुदतीची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर, तलाठी कार्यालयात आणि कृषी सहायकांमार्फत नेमक्या शब्दांत अगोदर पोहोचली, तर व्हॉट्सॲपवरील फाईलची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.

खरा शासकीय संदेश ओळखण्यासाठी आता काही खुणा उपलब्ध झाल्या आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२५ च्या दुरुस्तीनुसार साध्या संदेशाच्या प्रेषकनामाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर येते. शासकीय संदेशास 'जी', बँकेच्या व्यवहाराच्या संदेशास 'टी', जाहिरातीस 'पी'. शासनाच्या संकेतस्थळांचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांनी संपतो. बँकांनी ऑक्टोबर २०२५ अखेर आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. व्हॉट्सॲपवरील संदेशास मात्र यांपैकी प्रेषकाची खूण नसते, ही त्रुटी ध्यानात ठेवावी. दुसऱ्याचा फोन दुरून पाहू देणाऱ्या ॲपविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. बँकेचा खरा कर्मचारी असे ॲप बसविण्यास सांगत नाही.

फाईल उघडली गेल्यावर

आता सर्वांत निकडीचा भाग. फाईल उघडली गेली, संशय आला, अशा वेळी पहिले काम म्हणजे फोनचे इंटरनेट बंद करणे. 'विमान मोड' चालू केला की विषाणूचा चोराशी असलेला संबंध तुटतो. वाय-फाय चालू राहिले असेल तर तेही बंद करावे. त्यानंतर घरातील किंवा शेजारच्या दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. गेलेली रक्कम ज्या खात्यात पोहोचली तेथेच ती गोठविण्याची व्यवस्था तिच्यामागे आहे. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात हलवीत जातो. म्हणून पहिला एक तास जितका मोलाचा तितका पुढचा दिवस नाही. लागलीच बँकेसही कळवावे व खाते, कार्ड आणि यूपीआय थांबविण्यास सांगावे. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा, वेळ टिपून ठेवावी.

ही वेळ का महत्त्वाची, ते रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांवरून कळते. जुलैमध्ये व्यापारी बँकांसाठी आणि डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी ती काढण्यात आली. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, अशा प्रसंगी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याच्यावर तोशीस पडू नये. चूक ग्राहकाची असल्यास कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे, असे त्यांतील तत्त्व आहे. पिन आपणच लिहून दिला असेल तर बँक तेवढ्यावर बोट ठेवणार, हे गृहीत धरावे. पण कळविल्याच्या क्षणापासून पुढील जबाबदारी तिच्याकडे जाते. लोकलाजेस्तव दोन दिवस गप्प बसणाऱ्याचे नुकसान यामुळेच दुप्पट होते. फसवणूक झाल्याचे सांगण्यात कमीपणा वाटतो, विशेषतः घरातील कर्त्या माणसास. हा संकोच घरातील इतरांनीच समजुतीने दूर केला पाहिजे.

कायदा या बाबतीत मुका नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या यंत्रात विषाणू घालण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ते कृत्य अप्रामाणिकपणे केले असल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सोंग घेऊन फसविण्यासाठी कलम ६६ड आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही ती नोंदविता येते.

फोन साफ करण्याची घाई मात्र करू नये. आलेला संदेश, पाठविणाऱ्याचा क्रमांक, फाईलचे नाव यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने घेऊन ठेवावीत. तपासात त्यांची गरज पडते. त्यानंतर फोन 'सेफ मोड' मध्ये सुरू करून संशयित ॲपची ॲक्सेसिबिलिटी आणि व्यवस्थापकीय परवानगी काढून घ्यावी व मग ते काढून टाकावे. पुष्कळ विषाणू आपले चिन्ह पडद्यावरून लपवितात, म्हणून ॲपची संपूर्ण यादी सेटिंगमध्ये जाऊन पाहावी. केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून तपासणीची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. सी-डॅकने तयार केलेले 'एम-कवच' त्यांपैकीच. तरीही शंका उरल्यास फोन कारखान्यातून आला तसा कोरा करणे हाच खात्रीचा उपाय. बँकेचे व यूपीआयचे पिन दुसऱ्या, निर्दोष फोनवरून किंवा शाखेत जाऊन बदलावेत. आजारी फोनवर बदललेला पिन चोरास आपण होऊन कळविल्यासारखा होतो. व्हॉट्सॲपमध्ये 'जोडलेली उपकरणे' या सदरात अनोळखी यंत्र दिसल्यास ते तोडावे आणि सहा अंकी दुहेरी पडताळणी चालू करावी.

एवढे झाल्यावर एक काम उरते, आणि ते बहुधा राहून जाते. ज्या गटावर ती फाईल आली ती अद्याप तेथेच पडलेली असते. आपल्या नावाने ती पुढे आणखी कोणकोणत्या गटांवर गेली हे पाहून प्रत्येक गटाच्या प्रमुखास ती सर्वांसाठी पुसून टाकण्यास सांगावे; तशी सोय गटप्रमुखास असते. 'माझ्या नावाने आलेली फाईल मी पाठविलेली नाही, कोणी उघडू नये, उघडली असल्यास इंटरनेट बंद करून १९३० ला फोन करावा' असा निरोप गटावर लिहावा. आणि जे व्हॉट्सॲप पाहतात पण वाचत नाहीत, त्यांना सकाळी दूध घालावयास गेल्यावर संस्थेच्या दारातच तोंडी सांगावा.